साठ मीटरवरून येणारा ताशा : नाशिकचे चार दिवस

नाशिकच्या सिडको वस्तीतल्या एका खोलीत सुरू झालेला पाच जणांचा रॉक बँड बारा वर्षं पुण्या-मुंबईत वाजवून पहिल्यांदाच नाशिकला स्वतःची पूर्ण मैफल करणार होता. ती चित्रित करायला जानेवारीत पुण्याहून सहा जणांचं युनिट गेलं : पाच कॅमेरे आणि एक ध्वनिमुद्रक. फिल्म अजून संकलनाच्या टेबलावर आहे, म्हणून बँडचं नाव इथे नाही. रस्त्याबद्दल सांगायचं तर चाकण सकाळी साडेसहाच्या आत मागे टाकावं. सिन्नरला चहा झाला की पुढे अडचण नाही.

पहिला दिवस, गुरुवार : मैदान

मैदान गंगापूर रस्त्यावर, वस्ती विरळ होऊन द्राक्षबागा सुरू होतात तिथे. एका अंगाला बाग, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि मधली जमीन स्टेजकडे हळूहळू उतरत गेलेली. असा उतार मिळाला की निम्मं काम झालं. सपाट मैदानावर कॅमेऱ्याला पुढच्या तीन रांगांची डोकी दिसतात आणि बाकी अंधार. उतारावर मात्र स्टेजवरून पार शेवटच्या रांगेतला चेहराही मोकळा मिळतो.

आयर्लंडमध्ये स्लेनच्या किल्ल्यासमोरचं मैदान असंच आहे, बॉइन नदीकडे उतरणारं. १९८१ मध्ये तिथे थिन लिझी या आयरिश रॉक बँडची मैफल झाली, तेव्हा यू-टू हा डब्लिनचा पोरसवदा बँड त्यांच्या आधी वाजवून गेला होता. तोच बँड २००१ साली जगभर गाजून त्याच उतारावर परत आला. २१ ऑगस्टला गायक बोनोचे वडील वारले, २५ तारखेला पहिली मैफल आणि १ सप्टेंबरला दुसरी. दुसऱ्या मैफलीच्याच दिवशी आयर्लंडने फुटबॉलमध्ये नेदरलँड्सला १-० हरवलं होतं, त्यामुळे लोक आधीच भारावलेले. या मैफलीची फिल्म २००३ मध्ये आली. घरच्या मैफलीचं चित्रीकरण शिकायला तिच्याइतका चांगला धडा नाही. गिटार वाजवणारा हात कुठल्याही शहरात तसाच दिसतो. घरी बदलतात ती समोरची माणसं. तेव्हा पाचातले दोन कॅमेरे फक्त माणसांवर ठेवायचे, आणि काहीही झालं तरी ते स्टेजकडे वळवायचे नाहीत, हे पुण्याहून निघतानाच ठरलं होतं.

उघड्यावर, उतारावर बसून ऐकायची सवय नाशिकला नवी नाही. २००८ पासूनच्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाने ती इथे रुजवली. लोक घरून सतरंजी आणि शाल घेऊन येतात. हे आयोजकांनी सांगितलं म्हणून बरं झालं. खुर्च्यांची रांग आणि जमिनीवर बसलेले लोक यांत कॅमेऱ्याची उंची दीड-दोन फुटांनी बदलते.

रेकीत टेप लावून मोजमाप केलं. स्टेजपासून साउंड कन्सोल (आवाज नियंत्रित करायचं टेबल) २८ मीटर, उताराचा वरचा कडा ६० मीटर. एक नंबर कॅमेरा कन्सोलशेजारी चार फुटी रायझरवर (उंच चौथऱ्यावर), लांब लेन्स लावून गायकाच्या चेहऱ्यावर. कन्सोलचं आणि कॅमेऱ्याचं रायझर वेगवेगळं हवं. एकाच फळीवर कोणी पाय वाजवला तरी २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये भूकंप होतो. दोन आणि तीन स्टेजच्या दोन कोपऱ्यांत. चार नंबर स्टेजच्या ओठावर, बँडकडे पाठ करून, पुढच्या रांगांवर. पाच नंबर वरच्या कड्यावर, हातात, लोकांत फिरता.

ड्रोन वापरला नाही. नाशिकला एकीकडे ओझरचा विमानतळ, दुसरीकडे देवळालीचं लष्करी क्षेत्र. ज्यांना उडवायचा असेल त्यांनी आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा उघडून आपली जागा कुठल्या रंगात येते ते पाहावं, आणि हिरवी असली तरी गर्दीच्या डोक्यावर नेऊ नये.

वेळेचा हिशोब सगळ्यांत कडक. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, पण हा दिवस त्यांत नव्हता. म्हणून सुरुवात साडेसहाला आणि शेवटचा ठोका पावणेदहाला. हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते : सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यामानाने ऊबदार राहते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबच्या वस्तीपर्यंत पोचतो. दुपारी कुंपणाशी मोजलेला आकडा रात्रीसाठी धरू नये.

शेजारच्या बागेचे मालक संध्याकाळी बांधावर आले. पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले. "गाणं करा, आमची काही हरकत नाही. फक्त माणसं बागेत शिरू देऊ नका. मणी भरलाय." बांधाच्या कडेने दोरी आणि दर १५ मीटरवर एक स्वयंसेवक, असं लगेच ठरलं. थंडीचा कडाका वाढला की मणी तडकतो, म्हणून पहाटे ते बागेत ठिकठिकाणी पालापाचोळा पेटवून धूर करतात. त्या धुराने शनिवारी फिल्मला काय दिलं ते पुढे येईलच.

रात्री रस्त्याकडेच्या खानावळीत शेवभाजी, बाजरीची भाकरी आणि ठेचा. साडेआठलाच तोंडातून वाफ निघत होती.

दुसरा दिवस, शुक्रवार : गाव

गावाशिवाय घरच्या मैफलीची फिल्म होत नाही. पहाटे साडेसहाला रामकुंड. जानेवारीत सूर्य सातनंतर वर येतो, आणि त्याआधीचा अर्धा तास सर्वांत चांगला : राखाडी पाणी, दगडी पायऱ्या, काकडत डुबकी घेणारे यात्रेकरू, फुलवाल्यांच्या पेटत्या बत्त्या. इथे चित्रासोबत दोन-दोन मिनिटं नुसता आवाजही मुद्रित करावा. घंटा, पाण्यात पडलेला तांब्या, काठावर कपडे आपटल्याचा आवाज. संकलनात दोन गाण्यांमधला सांधा जोडायला हाच माल उपयोगी पडतो. स्नान करणाऱ्यांचे चेहरे जवळून घेऊ नयेत, लांबून आकृत्या पुरतात.

मग मिसळ. नाशिकच्या मिसळीत काळ्या रश्शाची वेगळी परंपरा आहे. मसाला खोबरं-कांद्यासकट पार काळपट होईपर्यंत भाजतात, त्यामुळे तिखटाच्या आधी भाजल्याचा वास येतो. मटकी, शेव, कांदा, सोबत पापड, दही आणि मागाल तेवढी तर्री. मोठ्या कामाच्या दिवशी तर्री बेताने घ्या.

रविवार कारंजा, चांदीचा गणपती, भांडीबाजारातली तांब्या-पितळेची दुकानं हे सगळं अकराच्या आत उरकलं. नंतर गल्ल्यांत ऊन सरळ खाली येतं आणि चेहऱ्यांवर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. मेन रोडला सायंतारामध्ये साबुदाणा वडा खाऊन दुपारी सिडको.

बँडची ती पहिली खोली तळमजल्यावरची, दहा बाय बारा. भिंतींना अजून अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. (नव्या बँडवाल्यांसाठी : पुठ्ठ्यांनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही, खोलीतला वरच्या पट्टीचा किणकिणाट थोडा कमी होतो एवढंच. आवाज अडवायला वजन लागतं, जाड भिंत आणि फटी बुजवलेलं दार.) समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू पोह्यांच्या ताटल्या घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"नऊला बंद करायची हो पोरं, न सांगता. माझ्या मुलीचं दहावीचं वर्ष होतं, तर या ड्रमवाल्याने वर्षभर रबराच्या तुकड्यावर वाजवलं. परीक्षा झाली त्या संध्याकाळी मीच सांगितलं, आता वाजव रे बाबा मोकळेपणाने."

कॅमेरा सुरू होता. काकूंना शनिवारच्या पुढच्या रांगेचा पास दिला. आणखी एक पास ड्रमरच्या पहिल्या गुरूंना, म्हणजे पंचवटीतल्या उस्तादांना. आयुष्यभर लग्नाच्या वरातींत ताशा वाजवलेले हे गृहस्थ. आता गुडघ्यांमुळे चालणं होत नाही.

संध्याकाळी मैदानावर ढोल-पथकासह तालीम झाली, आणि या चार दिवसांतला सर्वांत अवघड प्रश्न तिथे उभा राहिला. शेवटच्या गाण्यात वीस ढोल आणि आठ ताशे उताराच्या वरच्या कड्यावरून लोकांमधून वाजवत खाली येणार, आणि बँड स्टेजवरून त्यांच्यासोबत वाजवणार, अशी कल्पना. पहिल्या चार आवर्तनांतच सगळं विस्कटलं.

दोष कोणाचाच नव्हता, दोष अंतराचा. १२ अंश तापमानाला आवाज सेकंदाला साधारण ३३९ मीटर जातो. ६० मीटर यायला त्याला १७७ मिलिसेकंद लागतात. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. वरून निघालेला ठोका स्टेजवर पोचेपर्यंत मात्रेचा तिसरा हिस्सा उलटलेला. ड्रमर तो ऐकून वाजवतो, त्याचा ठोका परत वर जायला आणखी तेवढाच वेळ घेतो, पथक तो ऐकून सावरायला बघतं, आणि दोघं एकमेकांची वाट बघत लय पाडत जातात. ड्रमरच्या कानात मेट्रोनोम देऊनही भागत नाही, कारण पथकाच्या कानात तो नसतो.

उपाय दोन भागांत केला. आघाडीच्या ताशाला वायरलेस माइक लावून तो आवाज थेट ड्रमरच्या कानात सोडला, म्हणजे हवेतली वाट टळली. आणि बँडने वाजवायचंच नाही, पथक स्टेजच्या पायथ्याशी पोचेपर्यंत पाचही जणांनी नुसतं उभं राहायचं. गिटारिस्टला हे पटेना. दीड मिनिट स्टेज रिकामं वाटेल, म्हणाला. दुसऱ्या फेरीत त्याने स्वतः वर बघितलं आणि मग काही बोलला नाही.

ढोलाचं मुद्रण करणाऱ्यांसाठी : कंडेन्सर माइक वापरत असाल तर त्याचा पॅड (आत येणारी पातळी उतरवणारं बटण) सुरू करा आणि ढोलाच्या दोन्ही तोंडांपासून निदान दीड मीटर दूर राहा. तालमीत पातळी उणे २० डेसिबलवर ठेवली होती, कारण लोकांसमोर पथक तालमीपेक्षा हटकून पाच-सहा डेसिबल जोरात वाजवतं. कितीही मोठा आवाज फाइलमध्ये न फाटता मावणारा ३२ बिट फ्लोट रेकॉर्डर असला म्हणजे सुटलो असं समजू नका. फाइल फाटत नाही, पण माइकचा पडदा फाटक्या आवाजालाच जन्म देत असेल तर पुढे काहीच करता येत नाही.

तिसरा दिवस, शनिवार : मैफल

दुपारी मैदानावर २८ अंश, रात्री नऊला १२. सगळी तयारी या सोळा अंशांची.

पोलादी तार थंडीत आकसते आणि सूर चढतो, बासरीचा मात्र उतरतो. बँडमध्ये दोन्ही आहेत, त्यामुळे दुपारी जुळवलेली वाद्यं रात्री एकमेकांपासून दोन दिशांना पळतात. गिटार पेटीतून काढून गाण्याआधी निदान अर्धा तास उघड्या हवेत स्टँडवर ठेवायच्या, दर दोन गाण्यांनी सूर तपासायचा, आणि बासरी जॅकेटच्या आत अंगाशी धरायची. मागच्या लोकांसाठी उतारावर लावलेल्या, मुद्दाम थोड्या उशिराने वाजणाऱ्या डिले स्पीकरलाही हेच लागू. दुपारी ६० मीटरसाठी बसवलेली वेळ रात्री पाच मिलिसेकंदांनी चुकते. साउंडवाल्यांनी साडेसातला ती पुन्हा बसवली.

दवाचं गणित लोक उलटं समजतात. उबदार गाडीतून थंडीत आणलेल्या लेन्सवर पाणी धरत नाही. धरतं ते थंडीतून उबदार खोलीत नेल्यावर. उघड्या आकाशाखाली तास-दोन तास उभ्या असलेल्या लेन्सवरही दव बसतं. म्हणून लांब हूड, कॅमेऱ्यावर कापडी आच्छादन, आणि मैफल संपल्यावर बॅगेची चेन बाहेरच बंद करून ती खोलीत तासभर तशीच ठेवणं. थंडीत बॅटरीही लवकर उतरते. सुट्या बॅटऱ्या प्रत्येकाच्या आतल्या खिशात होत्या.

पाचही कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेम्स, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर दिव्यांची लुकलुक दिसत नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्या रंगाचं माप, सगळ्यांचा एकच आणि कुलूपबंद. लाइटवाल्या दादांना एकच विनंती केली : गर्द निळा एकटा सोडू नका, त्यात थोडा पांढरा मिसळा. नुसत्या निळ्यात चेहऱ्याचा तपशील जळतो आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ते पाळलं.

कन्सोलवरून ३२ ट्रॅक वेगळे घेतले. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट म्हणजे तासाला साडेसोळा जीबी. लोकांच्या आवाजासाठी चार माइक, दोन स्टेजच्या ओठावर लोकांकडे तोंड करून आणि दोन उतारावर ३० मीटरवर. हे चार माइक नसतील तर हजारो माणसांची मैफलही स्टुडिओत वाजवल्यासारखी सुकी ऐकू येते. चार वाजता गुरगुर सुरू झाली, ५० हर्ट्झची. कॅमेऱ्यांचे चार्जर एका जनरेटरवर आणि साउंड दुसऱ्यावर, अर्थिंगची दोन टोकं वेगळी. कन्सोलशी तारेने जोडलेला कॅमेरा साउंडच्या वीजपुरवठ्यावर घेतला आणि गुरगुर थांबली. अशा वेळी प्लगची अर्थिंग पिन काढणारे भेटतात. ते कधीही करू देऊ नका, माइक ओठाला लावणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

दोन गाणी दुसऱ्यांची होती. ती मैफलीत गाण्याचा परवाना वेगळा आणि फिल्ममध्ये वापरायची परवानगी वेगळी. फिल्मची परवानगी एकाच गाण्याची मिळाली. न मिळालेलं गाणं बँडने मध्यावर ठेवलं आणि तेवढ्यात पाचही कॅमेऱ्यांच्या कार्ड-बॅटऱ्या बदलून झाल्या.

साडेसहाला पहिला स्वर. लोक शाली पांघरून, पोरांना मांडीवर घेऊन बसलेले. गायक पहिल्या गाण्यानंतर "नमस्कार नाशिक" म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याला जमेना. खालून कोणीतरी त्याला शाळेतल्या नावाने हाक मारली. उतारभर हसू पसरलं, तोही हसला, आणि गाडी रुळावर आली. आठच्या सुमारास बागेतून धूर यायला लागला, पहाटेऐवजी रात्रीच, थंडी लवकर उतरली म्हणून. धूर जमिनीलगत सरकत स्टेजसमोर आला आणि दिव्यांचे झोत हवेत दिसू लागले. धुराचं भाड्याचं यंत्र चार-पाच मिनिटांत विरणारा ढग सोडतं. हा तासभर टिकला, आणि त्याला जळलेल्या पानांचा वास होता. तो वास फिल्ममध्ये यायचा नाही, याची हळहळ वाटते.

मग सिडकोतल्या खोलीत बसवलेलं बँडचं पहिलं गाणं आलं. दुसऱ्या कडव्याला गायकाने माइक खाली घेतला आणि पुढचं सगळं लोकांनीच म्हटलं. काकूंना प्रत्येक शब्द पाठ होता. बारा वर्षांपूर्वी भिंतीपलीकडून ऐकलेलं.

नऊ वाजून चोवीस मिनिटांनी वरच्या कड्यावरून ताशा कडाडला. बँड ठरल्याप्रमाणे स्तब्ध. साठ मीटरवर मशालींसारखे मोबाइल वर झाले, मध्ये वाट झाली आणि पथक उतरायला लागलं. तेवढ्यात ड्रमरने कानातलं यंत्र उपसून काढलं, वायरलेस मधूनच तुटत होता. रेकॉर्डरवर मात्र आघाडीचा ताशा सलग येत होता, कारण तिथला रिसीव्हर वेगळा होता आणि उंच बांबूवर चढवलेला होता. मुद्रणाचा आणि ऐकण्याचा रिसीव्हर कधीही एक ठेवू नका.

आता ड्रमरकडे हवेतून येणारा, उशिराचा आवाज तेवढा उरला. त्याने वर पथकाकडे बघितलंच नाही. तो पुढच्या रांगेत बघत होता. तिथे उस्ताद खुर्चीत बसले होते, कानात कापूस, मागे वळूनही न बघता, आणि उजव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या हातावर ताशाचा तोडा वाजवत होती. चार नंबर कॅमेऱ्याची पाठ स्टेजकडे होती, म्हणूनच ती बोटं मिळाली. सगळं मैदान वर बघत असताना त्या कॅमेऱ्याने मान वळवली नाही.

पथक पायथ्याशी आलं, उस्तादांची बोटं एकदा थांबून पडली, आणि ड्रमरने त्या पडत्या बोटांवर पहिला ठोका दिला. पाचही जण सुरू झाले. नऊ त्रेचाळीसला संपलं.

चौथा दिवस, रविवार : परती

रात्रीच कार्डांच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर, चेकसमसह (प्रत मुळाबरहुकूम आहे ना, ते पडताळणारा आकडा), आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या गाड्यांत. पाच कॅमेरे, शंभर मेगाबिट, सव्वातीन तास : साधारण सव्वासातशे जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क पुरतात, पण काठोकाठ भरू नये.

सकाळी निघताना पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकाला थांबलो. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेबांनी हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी १९१८ मध्ये नाशिकलाच थाटली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेलेही इथेच. कॅमेरा घेऊन नाशिकला आलेल्याने इथे पाच मिनिटं तरी उभं राहावं. मग चिवड्याची पाकिटं घेतली आणि सिन्नरचा रस्ता धरला.

पुण्यात टाइमलाइनवर चार नंबरचं चित्र आणि ताशाचा ट्रॅक एकाखाली एक ठेवले. ताशाचा माइक ताशावरच, त्यामुळे त्याच्या आवाजाला वाटेचा उशीर नाही. बोटं मात्र कानावर आलेल्या आवाजावर पडणारी. पथक कड्यावर असताना बोट ठोक्याच्या चार फ्रेम मागे आहे. उतार निम्मा उतरल्यावर दोन फ्रेम. ३० मीटरच्या माइकांचा उशीर आपण सरकवून जुळवतो, तसा हाही जुळवता आला असता. तो तसाच ठेवला आहे. पथक पुढच्या रांगांजवळ येतं तेव्हा फरक एक फ्रेम उरतो, आणि पायथ्याशी आल्यावर बोट आणि ठोका एकाच फ्रेमवर पडतात.